आयच्या टीव्हीवर फायनल

नावडे,
७ जानेवारी २०२५

प्रिय ताजू,

राम राम आणि सलाम, दोन्ही घे. आम्ही इकडे मजेत. तू, वहिनी, बतूल आणि तिची पोरं म्हसळ्याला बरी असाल असं धरून चालतो. तुमच्याकडे थंडी पडली का? इकडे तळोज्याच्या कंपन्यांचा धूर सकाळी खाली बसतो आणि लोक त्यालाच धुकं म्हणून फोटो काढतात.

तुझे फोन आलेले दिसतात मला. उचलत नाही म्हणून शिव्या घालत असशील, तर घाल. नवीन बिल्डिंगी उठल्यापासून आमच्या गल्लीत टॉवर नीट मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तू आपला बोलून पाठवतोस आणि वर म्हणतोस, "तू पण बोलून पाठव, तुझं टायपिंग म्हणजे कोडं घातल्यासारखं." म्हणून हे पत्र. तुझा पुतण्या फहाद दर आठवड्याला गाडी घेऊन इकडून म्हसळ्याला येतोच, त्याच्या हाती देतोय. माझं अक्षर तुला लागेल. वीस वर्षं आपल्या केबलच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर 'आज रात्री अमुक पिक्चर' मीच लिहायचो.

आता काम सांगतो. आपल्या लोकल चॅनेलचा मॉड्युलेटर तुझ्याकडे आहे ना? तो काळा डबा, एका बाजूने पिवळी-पांढरी पिन घातली की दुसऱ्या बाजूने अँटिनाची वायर निघायची आणि अख्ख्या गावाच्या टीव्हीला वाटायचं, हा चॅनेल हवेतूनच आलाय. सेट-टॉप बॉक्स आले, मोठ्या कंपनीची केबल आली, आपण शटर ओढलं, तेव्हा तू तो म्हसळ्याला घरी नेला होतास. "आठवण म्हणून ठेवतो," म्हणालास. मी हसलो होतो. आता मला तो पाहिजे.

कशाला, तर आयसाठी. ग्रामस्थ मंडळाच्या क्रिकेट चषकाची फायनल दोन फेब्रुवारीला आहे, रविवारी. टेनिस बॉलच, मैदान तेच शाळेमागचं. आता मंडळाची पोरं सगळी मॅच यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात, चार-चार कॅमेरे लावतात, त्यातला एक कॉमेंट्रीवाल्यावर. कॉमेंट्री यंदाही माझीच. सेक्रेटरी सुधीर आहे, तोही बोलतो, पण त्याचं म्हणजे बँकेत टोकन नंबर पुकारल्यासारखं. लोक मलाच मागतात.

आयने ती मॅच बघावी असं मला वाटतंय. तुला आठवत असेल, तेव्हा बायका मैदानात येत नसत. आय घरी बसून आपल्या चॅनेलवर अख्खी मॅच बघायची आणि मी घरी आलो की माझी झाडाझडती घ्यायची. "आज तू घोटवाल्यांना लय हिणवलास." "ती माउशी पत्र्यावर चेंडू परला म्हनून वरडत व्हती, तिचा नाव कला घेतलास?" एकही ओव्हर चुकवायची नाही. शटर पडल्यावर तिने मला टीव्हीत बघितलेलंच नाही.

मोबाईलवर दाखवून झालं. तिने हात लांब करून बघितलं आणि म्हणाली, "मुंग्या हाईत." आमच्या पोराला, तेजसला, महापेच्या कंपनीतून पहिला बोनस मिळाला तेव्हा त्याने मोठा सपाट टीव्ही आणला होता. तो तिच्या खोलीत महिनाभर होता. "बंद असला का त्यान मीच दिसतंय," म्हणाली आणि वर आमच्याकडे पाठवून दिला. वरचा जिना तिला चढवत नाही. तिला तिचाच टीव्ही पाहिजे. तोच, बाबांनी आणलेला, खालच्या झाकणाआड चॅनेल लावायची बारीक चाकं असलेला. मागे पिना नाहीत. अँटिनाची वायर कसायला दोन स्क्रू, बस. म्हणून नवा कुठलाच बॉक्स त्याला लागत नाही. छतावरच्या अँटिनावर दूरदर्शन यायचं तोवर ती तेच बघायची. मग तेही डिजिटल झालं आणि हवेतलं बंद पडलं. तरी कधी कधी संध्याकाळी ती टीव्ही लावून बसते. नुसत्या मुंग्या आणि खरखर. विचारलं तर म्हणते, "कवातरी येल."

तेजसकडे इंटरनेटचा एक छोटा बॉक्स आहे, त्यातून पिवळी-पांढरी वायर निघते. पुढचं काम तुझ्या डब्याचं. कसं जोडायचं ते चित्र काढून पाठव. तुला माहीत आहे, आपल्या धंद्यात तू हात होतास आणि मी तोंड.

लवकर पाठव. एवढी घाई का, ते विचारू नको. पुढच्या वर्षी बघू म्हणशील, तर नको. याच वर्षी पाहिजे.

बाकी सगळं ठीक. थंडीने घसा धरलाय, त्याचं काही नाही.

तुझा,
हिरामण

*

नावडे,
२३ जानेवारी २०२५

प्रिय ताजू,

डबा पोचला. फहाद घरी येऊन देऊन गेला. बस म्हटलं तर बसला नाही. बरं झालं. बसला असता तर बोलावं लागलं असतं.

तुझी चिठ्ठीही मिळाली. वायरींचं चित्र छान काढलंयस. त्याखाली जे लिहिलंयस ते जरा जास्तच मोठ्या अक्षरात आहे. "हिरू, डबा चालतो, मी लावून बघितला. पण तू फोन का उचलत नाहीस ते लिही. फहाद म्हणतो, तू त्याच्याशी मानेनेच बोललास. तुझ्यासारखा माणूस गप्प झाला की मला झोप येत नाही."

त्यावर येतो. आधी टीव्हीचं सांगतो.

जोडलं सगळं. तू म्हणालास तसं पाच नंबरचं बटण दाबून खालचं चाक हळूहळू फिरवलं. आय मागे खाटेवर बसून बघत होती. आधी मुंग्या, मग मुंग्यांत कुणीतरी हलल्यासारखं, आणि मग एकदम आवाज आला. स्वच्छ! कुठल्यातरी कीर्तनाचा व्हिडिओ लावला होता, त्यातला मृदुंग. आय म्हणाली, "आला रं!" मी तुझं नाव घेतलं. आणि मग चित्र आलं ते काळं-पांढरं, आणि वरून खाली घसरत जाणारं. महाराजांचं डोकं खाली, पाय वर, परत डोकं. चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, वायर बदलली, छतावर जाऊन आलो, काही नाही. आवाज चांगला, चित्र धावतंय. आय म्हणाली, "मानूस पलतंय कला?"

त्या दिवसापासून मी रोज तिच्या टीव्हीमागे बसलेला आहे. जेवण झालं की खाली. सकाळी उठलो की खाली. पनवेलला जाऊन दोन नवीन वायरी आणल्या. तेजस म्हणतो, "बाबा, सोडा ना, मी आजीला वर उचलून नेतो मॅचच्या दिवशी." मी त्याच्यावर चिडलो. त्याला काय कळणार का चिडलो. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

परवा एक गोष्ट झाली, ती सांगतो. सकाळी पेंधरला मेट्रोत बसलो. सेंट्रल पार्कला उतरायचं होतं, तिथून रिक्षा. स्टेशन आलं, दरवाजे उघडले, मी उठलोच नाही. बंद झाले. थेट बेलापूरपर्यंत गेलो. खाली उतरून सरकारी हापिसांच्या बाजूला चहा घेतला, वकील लोक फायली घेऊन धावत होते ते बघत बसलो, मग परत मेट्रो. येतानाही सेंट्रल पार्क आलं. पुन्हा उठलो नाही. घरी येऊन रंजिताला, म्हणजे तेजसच्या बायकोला, सांगितलं की जाऊन आलो, डॉक्टर भेटले नाहीत. तिने माझ्यासमोरच डॉक्टरांकडे फोन लावला.

आता लिहितोच. तुला नाही तर कुणाला लिहू.

गणपतीपासून माझा आवाज बसलाय. आधी वाटलं आरतीने बसला. मग वाटलं थंडी. काढा झाला, ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं. रंजितानेच धरून पनवेलच्या घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने नाकातून दुर्बीण घातली. त्याने खारघरच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे, ताजू. स्वरयंत्राचा. विड्या सोडल्या त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी.

तिथली डॉक्टरीण वयाने लहान आहे, पण गोलगोल बोलली नाही. म्हणाली, "काका, स्वरयंत्र काढावं लागेल. लवकर काढलं तर तुम्ही बरे व्हाल, असं मी आज म्हणू शकते. उशीर केलात तर असं म्हणता येणार नाही." मी विचारलं, "आणि बोलणं?" ती म्हणाली, मानेला भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा. पुढे एक झडप बसवता येते, शिकलात तर बोलू शकाल. मी विचारलं, "माझ्या आवाजात?" ती नाही म्हणाली.

मी तारीख पुढे ढकलली. मग परत ढकलली. परवा तिसऱ्या वेळेला भेटायचं होतं, ते तुला वर सांगितलं.

घरात फक्त रंजिताला माहीत आहे. मी तिच्याकडून शब्द घेतलाय, फायनलपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तेजसलाही नाही. नवऱ्यापासून लपवायला लावलं मी तिला, आणि ती रोज माझ्यासमोर ताट ठेवताना असं आपटते की आवाज शेजारी जावा. काल म्हणाली, "बाबा, तुम्ही टीव्ही दुरुस्त करत नाही आहात. तुम्ही लपून बसलाय त्याच्या मागे."

ती गेल्यावर मी पुन्हा टीव्हीमागे वाकलो आणि मला जाणवलं की चित्र घसरतंय याचं मला बरंच वाटतंय. टीव्ही लागत नाही तोवर मी कामात आहे. टीव्ही लागला की मग काय उरलं? फायनल. फायनल झाली की खारघर.

रात्री झोप नाही, दिवसा बसवत नाही. गच्चीवर जातो, खाली येतो. आय विचारते, "तुजा पाय भाजलाय का?" तिला माझा आवाज फारसा ऐकू देत नाही, तिच्याशी कमी बोलतो, आणि बोललो तर खोकून झाकतो. तिला वाटतं सर्दी. तुला फोनवर मात्र झाकता आलं नसतं. तू पहिल्या 'हॅलो'ला ओळखलं असतंस. कंट्रोल रूममध्ये माझा माइक खराब आहे की घसा, हे तू दुसऱ्या खोलीत बसून सांगायचास.

सर्दी म्हणूनच मी यंदाच्या फायनलआधीच्या मॅचेस अर्ध्या अर्ध्या केल्या, बाकीच्या सुधीरला दिल्या. फायनल मी पूर्ण करणार. तेवढा आवाज मी साठवून ठेवलाय. आणि ती आयने बघावी. आवाज आहे तोवरचा शेवटचा मी तिच्या टीव्हीत, तिच्या घरात, तिला हवा तेव्हा आवाज मोठा करून. हे एवढंच आहे, ताजू. वेडेपणा असेल. मला कुणी दुसरं काही सुचवत नाही आणि सुचवलं तर ऐकवत नाही.

चित्र काळं-पांढरं आणि घसरतं, आवाज ठीक. काय करू ते लिही. येऊ नकोस. तू आलास तर मी रडेन आणि आवाज जाईल.

तुझा,
हिरामण

*

नावडे,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताजू,

तुझं पत्र वाचून आधी शिव्या मोजत होतो, मग सोडून दिलं. शिव्यांच्या खाली तू उपाय लिहिला होतास. "बॉक्स अमेरिकी पद्धतीचं चित्र सोडतोय, आपले जुने टीव्ही ते घेत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन आपली पद्धत, म्हणजे पाल कर." मी तेजसला म्हटलं, ताजूचाचा म्हणतो पाल कर. तो म्हणाला, "भिंतीवरची?" आणि रिमोटवर दोन बटणं दाबली. चित्र थांबलं. रंग आले. हिरवं हिरवं मैदान, पांढरा मंडप. एवढंच होतं. मी तेवढ्यासाठी दहा दिवस जमिनीवर बसलो होतो.

एक गोष्ट उरली ती उरलीच, सगळी माणसं उभी ताणल्यासारखी दिसतात. रुंद चित्र चौकोनात कोंबल्यावर तसं होणारच म्हणाला तेजस. आय म्हणाली, "पोरां बारीक झाल्यात." तिला चाललं.

आता फायनलचं ऐक.

आपले नावडेवाले आणि रोहिंजणवाले. मैदान भरलं होतं. आता बायकाही येतात, खुर्च्या टाकून पुढे बसतात. रंजिताला मी घरी आयजवळ बसायला सांगितलं, टीव्हीत काही बिघडलं तर बघायला. ती खाटेशी जाऊन बसली. मी कोमट पाण्याची बाटली घेऊन माइकवर गेलो.

पहिला डाव, ताजू, मी बोललो. जसा बोलायचो तसा. आवाज जाडा येत होता, पण येत होता. रोहिंजणच्या ओपनरने पहिल्याच ओव्हरला एक असा उचलला की बॉल शाळेच्या पत्र्यावरून पलीकडे. मी म्हटलं, "गेला, गेला, आरं आभालान गेला! मास्तर, वर्गान असाल तर हजेरी घ्या त्याची!" मंडप हसला. मी विसरलो होतो सगळं. खरंच विसरलो होतो.

दुसऱ्या डावात, मध्यावर, काहीतरी तुटल्यासारखं झालं. शब्द निघायचा आणि मध्येच त्याची नुसती हवा व्हायची. पत्रा खरवडल्यासारखं येत होतं स्पीकरमधून. मला स्वतःला ऐकवेना. पुढच्या खुर्च्यांतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी चहा पाठवला, आलं घालून. सुधीरने हात पुढे केला, "काका, द्या मी बोलतो थोडं." मी त्याला दोन ओव्हर दिल्या, मग परत मागून घेतला. शेवटच्या ओव्हरला आपल्याला नऊ पाहिजे होते. मी माइक ओठाला लावून नुसता श्वासाने बोललो. मी काय बोललो ते मैदानात कुणाला कळलं नसेल. हातच जास्त हलवले. आपण हरलो, तीन रनने. पोरं रडत होती, रोहिंजणवाले ढोल घेऊन मैदानात घुसले, आणि मी बक्षीस समारंभाला न थांबता मागच्या बाजूने घरी आलो.

आयच्या खोलीत टीव्ही चालू होता. कप द्यायचा कार्यक्रम चालला होता, सुधीर बोलताना दिसत होता, पण आवाज काही नाही. मला वाटलं वायर निघाली. मी सरळ टीव्हीमागे वाकलो.

"मागं काय बगतंस?" आय म्हणाली. "मीच बंद केलाय आवाज."

मी उभा राहिलो. रंजिता खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिचे डोळे लाल होते.

"कधी?" मी विचारलं. म्हणजे ओठ हलवले.

"पयला डाव आयकला. बरा बोललास. दुसरा नाय आयकवला. बटन पिललं."

मी म्हटलं, जसं म्हणता येईल तसं, "टीव्ही जुना आहे आये. त्याच्यात आवाज तसा येतो."

"टीव्ही जुना हाय. मी त्याचेहून जुनी हाय. त्या सुदीरचा आवाज बरा येतंय, त्या अंपायरचा बरा येतंय. तुजाच बिगरला?"

मी खाटेवर बसलो. आय माझ्याकडे बघत होती. अलीकडे ती डोळे बारीक करून बघते तसं नाही, सरळ. मग तिने हात पुढे केला आणि माझ्या गळ्यावर ठेवला, इथे, कंठाजवळ. तिचा हात गार होता. ती म्हणाली, "समदी पोरां टीव्हीन बारीक दिसत व्हती. तू त्याहून बारीक दिसलास. काय झालाय? ही पोर सांगत नाय. मगाधरनं रडतंय, पन सांगत नाय. तू तिला गप ठेवलंस?"

तेव्हा मी सांगितलं. कुजबुजत, थांबत. कॅन्सर हा शब्द तिला माहीत आहे, आपल्या गावात कुणाला माहीत नाही. स्वरयंत्र म्हणजे काय ते मला सांगता येईना, मी तिचाच हात माझ्या गळ्यावर दाबून म्हटलं, हे. हे काढणार.

टीव्हीत रोहिंजणची पोरं कप उचलून नाचत होती, मुकीच.

"कारलं तर जगशील?"

"हो म्हणतात."

"मंग कनाची वाट बगतंस?"

"आये, मी बोलणार नाही मग. असा नाही बोलणार. तुला माझा आवाज..." पुढे निघालंच नाही.

ताजू, तिने मला काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते विसरायचं नाही. ती म्हणाली, "मी दुसरा डाव अर्ध्याधरनं मुकाच बगला. शेवटपर्यंत बगला. तू हात वर केलास तवा छक्का. तू डोक्याला हात लावलास तवा आपला पोरगा आउट. शेवटले बॉलाला तू डोलं मिटलंस, तवाच मना समजला का हरलं. मना सांगायला तुला आवाज कला पायजे?"

मी पन्नास वर्षं पार केलेला माणूस, सूनबाईसमोर आयच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. आय माझ्या पाठीवर थोपटत नव्हती, तेवढं तिला जमत नाही. ती माझे केस मागे सारत होती आणि रंजिताला म्हणत होती, "फोन लाव त्या डाक्तरनीला. आताच लाव."

रविवार होता. रंजिताने सोमवारी सकाळी लावला. तेजसलाही रविवारीच कळलं, तो मैदानातून आला तेव्हा आयनेच सांगितलं, मला संधीच दिली नाही. तो माझ्याशी बोलला नाही, रंजिताशीही नाही. रात्री जेवायला बसला आणि घास हातात धरून म्हणाला, "मी त्या सेटिंगला दोन बटणं दाबली, आणि तुम्ही मला एवढं सांगू शकला नाहीत." तो अजून नीट बोलत नाही. काल मात्र हॉस्पिटलला माझ्याबरोबर आला आणि सेंट्रल पार्कला माझा दंड धरून उतरवलं. ते माझ्यावरच्या रागात होतं की मायेत, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

डॉक्टरणीने दुर्बीण पुन्हा घातली. उशीर झालाय, पण फार नाही, असं म्हणाली. 'फार नाही' यावर मी रात्रभर लोळलो. शुक्रवारी भरती व्हायचं, शनिवारी ऑपरेशन. मी तिला विचारलं, तोवर बोलू नको का? ती म्हणाली, "काका, आता बोललात तरी बिघडणार नाही काही. बोला हवं तेवढं."

भीती वाटते. तुला खोटं लिहीत नाही. गळ्याला भोक पाडून श्वास घ्यायचा, पावसात छत्री नीट धरायची, खाडीत उतरायचं नाही, अंघोळीला पाणी सांभाळून. डॉक्टरणीने एक माणूस भेटवला, घणसोलीचा, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला. त्याने गळ्यावर बोट ठेवून माझ्याशी गप्पा मारल्या. आवाज पिंपात बोलल्यासारखा, पण माणूस मिस्कील. म्हणाला, बायकोशी भांडणात आता तो नेहमी हरतो, बाकी काही बदललं नाही. मी हसलो. घरी येऊन गच्चीवर बोट गळ्यावर ठेवून उभा राहिलो, नुसतं बघायला कसं वाटतं. मग लाज वाटली आणि खाली आलो.

आता तुला मागचं पत्र विसरून एक गोष्ट करायची आहे. तेव्हा येऊ नको म्हणालो होतो. आता ये. हे पत्र फहादकडे आज संध्याकाळी देतो, तुला उद्या मिळेल. गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीने निघ. बतूलला सांग, अब्बांना दोन दिवस सोड.

गुरुवारचा अख्खा दिवस मला बोलायचं आहे. काही खास नाही, काहीही. शाळेमागच्या खांबावर वायर टाकताना तू लटकलास आणि मी खाली उभा राहून कॉमेंट्री केली होती, ते. तुझ्या निकाहात मी जेवणाच्या रांगेत दोनदा बसलो, ते. जे तुला आधी सांगितलंय तेही परत सांगेन, आणि जे कधीच सांगितलं नाही तेही. घोगरं येतं, मध्येच तुटतं, तुझे कान दुखतील. तू मध्ये बोलू नकोस. मला बोलू दे.

शनिवारनंतर तू बोल आणि मी ऐकेन, म्हातारपणभर.

गुरुवारी तुझी वाट बघणारा, अजून बोलणारा,
हिरामण